अँटीव्हायरस होता, हार्ड डिस्क पण होती, तरी फोटो गेले

माझा एक मित्र सांगलीत घरूनच डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल वगैरे. २०२१ च्या उन्हाळ्यात सकाळी सकाळी त्याचा फोन आला, "अरे जरा ये रे, सगळे फोटो पांढरे दिसायला लागलेत." गेलो. फाईली जागच्या जागी होत्या, नावं पण तीच, फक्त प्रत्येक नावाच्या शेवटी जेपीजीच्या पुढे आणखी चार अक्षरं चिकटलेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक छोटीशी टेक्स्ट फाईल. ती उघडली. तुमच्या फाईली लॉक केल्यात, चावी हवी असेल तर ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, ४९०. वहिनी मागे उभ्या होत्या, त्यांनी एवढंच विचारलं, "भावजी, पोरीचे बारशाचे फोटो यातच आहेत, ते येतील ना?"

नाही आले.

झालं असं होतं की आदल्या रात्री एका फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरचं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरटी कॉपी, त्याने कुठूनतरी डाउनलोड केलं. झिप फाईलला पासवर्ड होता, आणि पासवर्ड असल्यामुळे अँटीव्हायरसला आतलं काही बघताच येत नाही. सोबतच्या नोटमध्ये पहिलीच सूचना होती की इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस बंद करा. त्याने केला बंद. मग विंडोज अपडेट चालू आहे अशी एक खिडकी आली, तो म्हणाला होऊ दे आणि झोपायला गेला. ती अपडेटची खिडकी खोटी होती, तिच्या मागे फाईली लॉक होत होत्या. आणि बॅकअपची म्हणून घेतलेली दोन टीबीची हार्ड डिस्क? ती सीपीयूला चोवीस तास जोडलेलीच असायची, त्यामुळे ती पण गेली.

आता बघा, विकतचा अँटीव्हायरस होता, त्याची आठ महिने मुदत शिल्लक होती. बॅकअपची डिस्क होती. माणूस पंधरा वर्षं रोज कॉम्प्युटरवर बसणारा, अडाणी नव्हे. तरी सगळं गेलं. तेव्हापासून मला ते "थोडा अँटीव्हायरस ठेवा, थोडा बॅकअप घ्या, थोडी काळजी घ्या" असलं गुळमुळीत समतोलाचं बोलणं पटत नाही. या तिन्हींची कामं वेगळी आहेत आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. घरच्या कॉम्प्युटरला पैसे आणि वेळ मोजकाच मिळतो, तो आधी बॅकअपला गेला पाहिजे, मग सवयींना, आणि अँटीव्हायरस शेवटी. आपल्याकडे नेमका उलटा क्रम लागलाय, म्हणजे अँटीव्हायरसचं रिन्यूअल आठवणीने होतं (सॉफ्टवेअर रोज आठवण करून देतं ना) आणि बॅकअप दिवाळीच्या साफसफाईसारखा, झाला तर झाला.

कारण साधं आहे. विंडोज परत टाकता येतं, सॉफ्टवेअर परत टाकता येतं, कॉम्प्युटर जळला तर हप्त्याने दुसरा घेता येतो. बारशाचे फोटो परत काढता येत नाहीत. लोक म्हणतात हल्ली सगळं गुगल फोटोजला असतं, पण ते मोबाईल आल्यानंतरचं. त्याच्या आधी साधारण २००३-०४ पासून २०१२ पर्यंत डिजिटल कॅमेऱ्याचा एक काळ होता, तेव्हाचे फोटो मेमरी कार्डवरून घरच्या कॉम्प्युटरला काढून ठेवले आणि कार्ड रिकामं केलं. प्रिंट कुणी काढल्या नाहीत. फोटोग्राफरने दिलेल्या लग्नाच्या सीड्या आता बऱ्याच वाचल्या जात नाहीत. या आठ-दहा वर्षांत ज्यांची लग्नं झाली, पोरं झाली, म्हातारी माणसं गेली, त्यांच्या घरच्या आठवणी डी ड्राईव्हवरच्या एखाद्या न्यू फोल्डर टू मध्ये पडून आहेत आणि त्याची दुसरी कॉपी जगात कुठेच नाही. मी ओळखीपाळखीत लोकांचे कॉम्प्युटर बघून देतो, हे प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या घरात दिसतं आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

अँटीव्हायरस टाकून द्या असं मी म्हणत नाहीये, उलट त्याने आपल्याकडे फार काम केलंय. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करणाऱ्या काटकर बंधूंनी नव्वदच्या दशकात क्विक हील उभं केलं तेव्हा त्याची खरोखर गरज होती. सायबर कॅफे आणि झेरॉक्सच्या दुकानाचा जमाना आठवा, प्रिंट काढायला पेन ड्राईव्ह दिला की परत येताना सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले असायचे आणि खरे फोल्डर लपवलेले, मग कुणीतरी जाणकार येऊन काळ्या खिडकीत ॲट्रिब मायनस एच मायनस आर मायनस एस टाईप करायचा आणि फोल्डर परत दिसायला लागले की घरभर आनंद. तेव्हा विंडोजमध्ये स्वतःचं असं धड संरक्षण नव्हतं, पेन ड्राईव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालायचा. ती आपोआप चालण्याची खोड पुढे विंडोज सेव्हनमध्ये काढली आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसा अपडेट आला. २०१२ च्या विंडोज एटपासून तर डिफेंडर हा अँटीव्हायरस विंडोजसोबतच येतो, फुकट. घरच्या वापराला, म्हणजे मेल, बँक, पोरांचा अभ्यास, थोडं टॅली एवढ्याला, तो चालू आणि अपडेट असेल तर पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला विकतचा घ्यायचाय त्याने जरूर घ्यावा, पण बॅकअपची डिस्क घेऊन झाल्यावर.

आणि एक, दोन अँटीव्हायरस एकत्र टाकू नका आणि मुदत संपलेला तसाच पाडून ठेवू नका, तो एक तर रिन्यू करा नाहीतर काढून टाका आणि डिफेंडर चालू झालाय ना ते डोळ्यांनी बघा.

अँटीव्हायरसची मर्यादा त्याच्या कामातच आहे. तो मुख्यतः आधी बघितलेल्या चोराचा चेहरा ओळखतो, थोडंफार वागण्यावरून पण ताडतो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था दिवसाला साडेचार लाखांच्या वर नव्या घातक प्रोग्रॅमची नोंद करते, यातला एखादा निसटणारच. शिवाय संरक्षण करणारं सॉफ्टवेअर स्वतःही चुकू शकतं, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते आठवत असेल. म्हणून त्याच्या भरवशावर एकुलती एक कॉपी सोडू नये.

आता दुसऱ्या टोकाची माणसं. "मी काहीच वापरत नाही, माझ्या सवयी चांगल्या आहेत, फालतू साईटवर जात नाही, मला वीस वर्षांत काही झालं नाही." हे पण मला मान्य नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा फाईली लॉक करणारा प्रोग्रॅम पसरला तो कुणी काही क्लिक केलं म्हणून नाही पसरला, नेटवर्कवर शेजारी असलेल्या कॉम्प्युटरच्या एका जुन्या भोकातून तो आपला आपण आत शिरत होता, दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांच्या वर मशिन्स धरली त्याने. ते भोक बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिला होता. ज्यांनी अपडेट टाकला ते वाचले. म्हणजे सवय म्हणून काही मोजायचं असेल तर अपडेट चालू ठेवणं ही पहिली सवय, आणि आपल्याकडे नेमके अपडेटच बंद असतात, कारण दुकानदाराने टाकून दिलेलं विंडोज क्रॅक केलेलं असतं आणि तोच सांगतो की अपडेट करू नका, काळा स्क्रीन येईल.

इथे मला जरा राग येतो तो लिहितोच. असेंबल केलेला कॉम्प्युटर घेताना बिलात अँटीव्हायरसची लाईन असते, यूपीएसची असते, माऊस पॅडची पण असते, बॅकअपची नसते. फुकटात क्रॅक विंडोज, क्रॅक ऑफिस, क्रॅक फोटोशॉप टाकून मिळतं, आणि ते वाचवायला वर अँटीव्हायरस. दरवाजा सताड उघडा ठेवून वॉचमन ठेवण्यातला प्रकार आहे हा. जो रॅन्समवेअर (फाईली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) माझ्या मित्राला लागला त्याला स्टॉप किंवा डिजेव्हीयू म्हणतात, २०१८ पासून तो घरगुती लोकांनाच धरतो आणि त्याचा मुख्य रस्ताच क्रॅक आणि की-जनरेटर (खोटी लायसन की बनवून देणारे प्रोग्रॅम) हा आहे. सॉफ्टवेअरच्या किमती आपल्या मिळकतीला परवडत नाहीत हे मला माहितीये, पत्रिकेच्या डिझाईनला दोन-तीनशे रुपये घेणाऱ्याने महिन्याला हजारोंचं सबस्क्रिप्शन कसं भरायचं. पण लिब्रेऑफिस, गिंप, इंकस्केप हे फुकट आहेत, कायदेशीर आहेत, मराठी युनिकोड त्यात चालतं. शिकायला दोन महिने त्रास होईल, होऊ दे.

बाकीच्या सवयी फार नाहीत. रोजच्या कामाला ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट न वापरता साधं वेगळं अकाउंट काढा, विशेषतः पोरं गेम टाकत असतील तर. फाईलचं पूर्ण नाव दिसेल असं सेटिंग करा, म्हणजे बिल डॉट पीडीएफ वाटणारी फाईल खरं तर बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई आहे हे कळेल. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल" असा मेसेज आला आणि समोरचा फोनवर एनीडेस्क (आपला फोन दुसऱ्याला दुरून बघू-चालवू देणारं ॲप) टाकायला सांगायला लागला की फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

पासवर्डबद्दल मात्र थांबून सांगायला पाहिजे, कारण माझ्या बॅकअप-आधी म्हणण्याला इथे खरा आक्षेप आहे. बॅकअप फाईल परत आणतो, पण चोरीला गेलेलं चोराकडून परत आणत नाही. त्या रॅन्समवेअरसोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम पण येतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड दोन मिनिटांत बाहेर जातात. मित्राचं लक्ष फोटोंकडे होतं, पण मी आधी त्याला दुसऱ्या मोबाईलवरून मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलायला लावला. तेव्हा बँकेचा पासवर्ड ब्राउझरला सेव्ह करू नका आणि मेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) लावा, हे बॅकअपने भागणार नाही. सवयींना मी दुसरा नंबर देतो तो याचसाठी.

आता बॅकअप म्हणजे काय यावरच आपला सगळ्यात मोठा गोंधळ आहे. कायम जोडलेली डिस्क ही बॅकअप नव्हे हे वर आलंच. गुगल ड्राईव्ह किंवा वनड्राईव्हला फोल्डर सिंक केलंय, हा पण पूर्ण बॅकअप नव्हे, कारण इथे फाईल बिघडली की तिथे पण तीच बिघडलेली जाते, इथे डिलीट केली की तिथली पण उडते, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते आणि मग संपलं. हे मोठ्यांनाही कळलं नव्हतं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा डेटा पुसणारा व्हायरस आला तेव्हा मर्स्क ही जगातली एवढी मोठी जहाज कंपनी आडवी झाली, आपल्या न्हावाशेव्याला त्यांच्या टर्मिनलचं काम हाताने करायची पाळी आली, कंटेनरच्या रांगा लागल्या. त्यांचं सगळं नेटवर्क ज्या सर्व्हरवर चालायचं ते दीडशेच्या आसपास होते आणि एकमेकांशी सिंक होते, त्यांना वाटलं एवढ्या कॉप्या आहेत म्हणजे झालं. सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेत घानातल्या ऑफिसातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता. त्या एका बंद मशिनच्या आधाराने त्यांनी नेटवर्क परत उभं केलं. लोडशेडिंग बघितलेल्या आपल्या लोकांना यातली गोष्ट लगेच कळावी, वायर काढलेली कॉपी हीच कॉपी.

पण वायर काढून तीच डिस्क सीपीयूच्या बाजूला ठेवली तर? ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा महापूर. आयर्विन पुलाला ४५ फूट धोक्याची पातळी, पाणी गेलं ५७ फुटांवर. गावभागात, मारुती रोडला तळमजले पाण्याखाली गेले. लोकांनी धान्य वर टाकलं, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधली, गॅसची टाकी माळ्यावर चढवली, कॉम्प्युटर राहिले. पाणी ओसरल्यावर मी दोन-तीन घरांतले सीपीयू उघडून बघितले, आत मदरबोर्डवर नदीचा गाळ, पंख्यात गवताच्या काड्या, आणि एका घरी त्याच टेबलाच्या खणात नीट पाऊचमध्ये ठेवलेली बॅकअपची डिस्क, तीही पाण्याने भरलेली. पाऊचची चेन ओढली तर पाणी गळलं. त्या काकांनी सगळं बरोबर केलं होतं, दर महिन्याला कॉपी काढायचे, वायर काढून ठेवायचे, एवढंच की दोन्ही एका खोलीत होतं. व्हायरसची भीती बाळगून केलेल्या तयारीत नदी कुणी धरली नव्हती.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने सांगितलेला तीन-दोन-एकचा नियम आहे, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. नदीकाठच्या माणसाला यातला शेवटचा एक पाठ पाहिजे. घराबाहेर म्हणजे ढगातच (क्लाउडवर, इंटरनेटवर) पाहिजे असं नाही, गुगल १५ जीबी फुकट देतं, त्यात महत्त्वाची कागदपत्रं मावतील, दहा वर्षांचे फोटो नाही मावणार. दुसरी डिस्क घ्या, काही हजारांचा खर्च आहे, आणि ती बहिणीकडे, मामाकडे, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मित्राकडे ठेवा. सणावाराला जाताना घरातली ताजी डिस्क घेऊन जायची आणि तिथली जुनी घेऊन यायची. आपल्याकडे एवढी नातीगोती आहेत त्याचा हा उपयोग कुणी करत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

आणि बॅकअप उघडून बघा हो. गिटलॅब ही प्रोग्रॅमर लोकांचे कोड सांभाळणारी कंपनी, ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या माणसाकडून चुकून मुख्य डेटाबेस उडाला, तेव्हा कळलं की पाच प्रकारे बॅकअप घ्यायची व्यवस्था होती आणि पाचातली एकही धड चालत नव्हती. आपल्या डीटीपीवाल्यांना तर यात वेगळाच फटका बसतो. जुन्या पेजमेकरच्या फाईली श्रीलिपी नाहीतर आयएसएमच्या फाँटमध्ये असतात, युनिकोडमध्ये नाही. फाईल जपली आणि फाँट जपला नाही तर दहा वर्षांनी उघडल्यावर अहवालाच्या जागी नुसती रोमन अक्षरांची गिचमिड दिसते. फाँट, सॉफ्टवेअरची सीडी, त्याचं डोंगल (ते चालवायला कॉम्प्युटरला लावावी लागणारी लायसनची चावी) हे सगळं बॅकअपच आहे, आणि शक्य तिथे एक पीडीएफ करून ठेवायची, ती तरी वाचता येईल.

चांगलं उदाहरण पण आहे. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला रॅन्समवेअरचा हल्ला झाला, कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले, हाल झाले. पण हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला असं सरकारने संसदेत सांगितलं. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलची सुरक्षा भेदली गेली, तरी बॅकअपने रुग्णांच्या नोंदी वाचवल्या. घरच्या कॉम्प्युटरला याहून वेगळा न्याय नाही.

हे प्रत्येकाने आपापलं बघावं एवढ्यावर सोडून चालणार नाही असं मला वाटतं. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी आहे, सरकारी नोकरीसाठी लाखो लोकांनी तो कोर्स केला, गावागावात सेंटर आहेत. तिथे एक प्रात्यक्षिक सक्तीचं करा, विद्यार्थ्याने फोल्डरचा बॅकअप घ्यायचा, मूळ फोल्डर मास्तरांसमोर डिलीट करायचं, आणि परत आणून दाखवायचं. प्रश्नपत्रिकेत बॅकअपची व्याख्या विचारून काही होत नाही, हाताने एकदा उडवून परत आणलं की जन्मभर लक्षात राहतं. कॉम्प्युटर विकणाऱ्यांनी बिल करताना विचारावं, काका, डिस्क देऊ का बॅकअपला? अँटीव्हायरस विकता येतो तर हे पण विकता येईल, त्यांचाही धंदाच आहे. आणि विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, वाढीव मुदतीची सोय दिलीय पण ती कायमची नाही, घराघरातले जुने कॉम्प्युटर आता अपडेटशिवाय चालणार आहेत. ते चालवायचेच असतील तर निदान त्यावरचं जे काही आहे ते या महिन्यात दुसरीकडे काढून ठेवा, नवीन मशिनचं मग बघू.

मित्राचं पुढे काय झालं ते सांगतो. पैसे भरू दिले नाहीत मी, चावी मिळेलच याची खात्री नसते आणि तेच पैसे पुढच्या घराला लुटायला वापरले जातात. युरोपोलच्या नो मोअर रॅन्सम साईटवर फुकट चाव्या मिळतात तिथे बघितलं, या रॅन्समवेअरच्या जुन्या प्रकारांना २०१९ मध्ये तोड निघालीय, याचा प्रकार नंतरचा निघाला. हा प्रोग्रॅम प्रत्येक फाईलचा फक्त सुरुवातीचा दीडशे केबीच्या आसपासचा भाग लॉक करतो, त्यामुळे मोठ्या व्हिडिओंपैकी काही दुरुस्त करून बघता आले, बारशाच्या व्हिडिओतली साधारण वीस मिनिटं मिळाली, आवाजासकट. फोटो छोटे, त्यामुळे ते गेले.

लॉक झालेल्या सगळ्या फाईली आम्ही फॉरमॅट न करता एका वेगळ्या डिस्कवर काढून ठेवल्यात, कधी एखादी टोळी पकडली जाते आणि चाव्या बाहेर येतात, असं आधी झालंय. त्या डिस्कवर वहिनींनी स्केच पेनने पोरीचं नाव लिहिलंय आणि ती मिरजेला त्याच्या बहिणीच्या कपाटात आहे, दुसऱ्या मजल्यावर. तिथेच आता त्याच्या चालू कामाची पण एक डिस्क असते, दर महिन्याला तो जाऊन बदलतो, गेल्या वेळी मी पण माझी सोबत दिली.